देवनारच्या डम्पिंगवर घरे बांधण्याआधी सभागृहात उत्तर द्या

प्रति,
मा. महापौर, सुधार समिती व स्थायी समितीचे सदस्य, एम पूर्व विभागातले (गोवंडी, मानखुर्द, देवनारचा भाग) नगरसेवक आणि बृहन्मुंबई महानगरपालिकेत निवडून आलेले सर्व लोकप्रतिनिधी यांस,

सप्रेम नमस्कार.

देवनार डम्पिंग ग्राउंडची १२४ एकर जागा धारावी पुनर्विकासातल्या घरांसाठी देण्याचा निर्णय राज्य सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये घेतला. तेव्हा विधानसभेची निवडणूक तोंडावर होती आणि मुंबई महापालिकेला सभागृहच नव्हते. मागच्या नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, त्यानंतर जवळजवळ चार वर्षे हे शहर प्रशासकाच्या सहीवर चालले. त्याच काळात, मे २०२५ मध्ये, देवनारचा जुना कचरा उपसण्यासाठी पालिकेने सुमारे २,३६८ कोटी रुपयांची निविदा काढली. एवढा मोठा विषय पालिकेत निवडून आलेल्या एकाही माणसासमोर आला नाही. सुधार समितीत त्यावर कुणी प्रश्न विचारला नाही, स्थायी समितीत कुणी उपसूचना मांडली नाही, कारण समित्याच नव्हत्या. आता जानेवारी २०२६ मध्ये आम्ही मतदान केले आणि तुम्ही तिथे गेलात. म्हणून हे पत्र तुम्हाला लिहिते आहे, आणि सगळ्यांनी वाचावे म्हणून उघड लिहिते आहे.

निर्णय वरून झाला, आमच्या हातात काही नाही, असे उत्तर कृपा करून देऊ नका. जमीन कुणाला द्यायची हे सरकारने ठरवले असेल. पण त्या जमिनीवरचा कचरा पालिकेने टाकला आहे, तो पालिकेच्या पैशाने उपसला जाणार आहे, आणि उद्या तिथे माणसे राहायला आली तर त्यांना पाणी, गटार, शाळा, दवाखाना आणि आगीचा बंब पालिकेनेच द्यायचा आहे. एवढे सगळे ज्या संस्थेच्या अंगावर येणार, त्या संस्थेच्या सभागृहाला प्रश्न विचारण्याचा हक्क नाही असे कोणताही कायदा सांगत नाही.

मी शिवाजीनगर, गोवंडीला राहते. लग्न होऊन इथे आले आणि जवळच्याच एका पालिका शाळेत नोकरी केली, तिथूनच निवृत्त झाले. माझी मुले इथेच वाढली. माझा धाकटा दीर धारावीत नव्वद फुटी रस्त्याच्या आतल्या एका गल्लीत माळ्यावर राहतो, खाली दुसऱ्याचे दुकान आहे. तिथल्या सर्वेक्षणात माळ्यावरच्या कुटुंबांना धारावीत घर नाही, बाहेर ३०० चौरस फुटांचे घर भाडे-खरेदीने, म्हणजे काही वर्षे भाडे भरून मग मालकीचे, मिळेल, असे सांगितले गेले. बाहेर म्हणजे कुठे, हे मात्र त्याला कुणी सांगत नाही. मुलुंड-भांडुप-कांजूरची मिठागरे आहेत, मालवणी आहे, कुर्ल्याची मदर डेअरीची जागा आहे, आणि आमचे देवनार आहे. म्हणजे या डम्पिंगच्या अलीकडे मी राहते आणि त्याच्यावर कदाचित माझा दीर राहायला येईल. तेव्हा धारावीकर आमच्या शेजारी नकोत म्हणून ही बाई लिहिते आहे, असा अर्थ कुणी काढू नये. आमच्याकडे यायला कुणालाच मनाई नाही. आम्ही सगळेच कुठून ना कुठून उठवून इथे आणलेले लोक आहोत.

ते कसे, हे थोडे सांगते, कारण नव्या नगरसेवकांपैकी अनेकांना ठाऊक नसेल. शिवाजीनगर आणि बैंगनवाडी या वस्त्या सत्तरच्या दशकात पालिकेनेच आखल्या. शहरातल्या झोपडपट्ट्या उठवायच्या आणि लोकांना डम्पिंगच्या कडेला दहा बाय पंधरा फुटांचे प्लॉट द्यायचे. १९७६ साली अणुशक्तीनगरजवळची जनता कॉलनी हलवून तिथल्या लोकांना चिता कॅम्पात आणले. पुढे रेल्वे आणि रस्त्यांच्या प्रकल्पांत ज्यांची घरे गेली ते लल्लूभाई कंपाउंडमध्ये आले, नटवर पारेख कंपाउंडमध्ये आले. शहराला जागा हवी झाली की माणसे एम पूर्वला, आणि शहराचा कचराही एम पूर्वला. पालिकेसाठी तयार झालेल्या २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात या विभागातले सरासरी आयुर्मान ३९ वर्षांच्या आसपास दाखवले होते. तो आकडा तुमच्याच दप्तरी आहे.

कचऱ्यावर घर बांधणे म्हणजे काय, हे आमच्याकडे कुणालाही विचारा. आमच्या गल्लीत संडासाच्या टाकीसाठी खणायला घेतले की चार-पाच फुटांवर माती संपते. खाली काळा, तेलकट चिखल लागतो. त्यात प्लास्टिकच्या पिशव्या, काचा, टायरचे तुकडे, कधी सलाईनच्या नळ्या. खणणारे लोक तोंडाला फडके बांधून खाली उतरतात आणि दर थोड्या वेळाने वर येऊन बसतात. घराची लादी दोन-चार वर्षांत एका बाजूला बसते, मग वर आणखी भर टाकून नवी लादी घालायची. दार खाली घासायला लागते, ते कापायचे. आमच्या घराचे दार असे कापून कापून बुटके झाले आहे. ही एकमजली, पत्र्याच्या घरांची गोष्ट झाली. तुम्ही तिथे उंच इमारती बांधू देणार आहात.

आता माझ्या हरकती सांगते.

सगळ्यात मोठी हरकत जमिनीच्या तपासणीची. या डम्पिंगवर १९२७ पासून कचरा पडतो आहे. पालिकेच्याच हिशेबाने तिथे १८५ लाख टन जुना कचरा आहे. वर्गीकरण नावाची गोष्ट नव्हती त्या काळात त्यात काय काय येऊन पडले, याची नोंद आम्हाला कुणी दाखवलेली नाही. खाली पूर्वी खाडीची दलदल होती, तळाला कसलेही अस्तर नाही. शंभर वर्षे पावसाचे पाणी या ढिगातून झिरपून खाली गेले आहे. वरचा कचरा उचलला म्हणून खालची माती आणि भूजल आपोआप स्वच्छ होत नाही. त्यात शिसे किती, पारा किती, क्रोमियम किती, किती खोलपर्यंत, हे बोअर मारून, नमुने काढून, वेगवेगळ्या ऋतूंत तपासावे लागते. असा अहवाल झाला असेल तर तो आमच्यापुढे ठेवा. झाला नसेल तर घरांचा निर्णय कशाच्या आधारावर घेतला हे सांगा. आधी अहवाल आणि मग निर्णय, हा साधा क्रम आहे. इथे तो उलटा झालेला दिसतो.

याबाबत कायदा गप्प नाही. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत स्पष्ट लिहिले होते की कचराभूमी बंद केल्यावर निदान पंधरा वर्षे तिच्यावर देखरेख ठेवायची, आणि त्यानंतर वायू व झिरपणारे पाणी मानकांत बसते, जमीन स्थिर आहे, याची खात्री झाल्यावरच माणसांच्या वस्तीचा विचार करायचा. पंधरा वर्षे. देवनार तर अजून बंदही झालेले नाही, आजही तिथे कचऱ्याच्या गाड्या येतात. यावर अधिकारी काय म्हणतील ते मला माहीत आहे. ते म्हणतील, हा नियम कचरा जागेवर झाकून ठेवला तर लागू होतो, आम्ही तर सगळा कचरा उपसून जमीन मोकळी करणार आहोत. ठीक आहे, हा युक्तिवाद मी ऐकून घेते. पण मग जमीन खरोखर मोकळी झाली हे ठरवणार कोण? ज्याने उपसण्याचे कंत्राट घेतले त्याच्या दाखल्यावर की ज्याला बांधायचे आहे त्याच्या सल्लागाराच्या? पंधरा वर्षांची देखरेख काढून टाकायची असेल तर तिच्या जागी तितकीच कडक दुसरी तपासणी पाहिजे. ती कोणती, हे सभागृहात सांगितले गेले पाहिजे.

मालाडचे उदाहरण तुमच्यासमोर आहे. चिंचोली बंदरला पूर्वी पालिकेचे डम्पिंग होते. ते बंद झाल्यावर त्या जागेवर माइंडस्पेस हे कार्यालयांचे संकुल उभे राहिले. पुढे तिथल्या कार्यालयांतले संगणक आणि एसी वारंवार बंद पडू लागले. खालच्या कचऱ्यातून येणाऱ्या वायूंनी यंत्रांतले धातूचे भाग गंजतात, ही गोष्ट त्या वेळी वर्तमानपत्रांत गाजली. तिथे निदान माणसे संध्याकाळी घरी जात होती. देवनारला तान्ही मुले चोवीस तास त्याच हवेत झोपणार आहेत.

दुसरी हरकत मुदतीची. १८५ लाख टन कचरा तीन वर्षांत उपसायचा आणि चाळून वेगळा करायचा, असे निविदेत आहे. मी गणिताची शिक्षिका, म्हणून हिशेब करून पाहिला. एक दिवसही सुट्टी न घेता काम केले तरी रोज सुमारे १७ हजार टन होतात. पावसाळ्याचे चार महिने काम थांबले, आणि ओला कचरा चाळता येत नाही म्हणून ते थांबतेच, तर रोजचा आकडा २५ हजार टनांवर जातो. सबंध मुंबई रोज टाकते त्या कचऱ्याच्या हा अडीच पट ते जवळजवळ चौपट आहे. आता मुलुंडकडे पाहा. तिथले डम्पिंग २०१८ मध्ये बंद केले, ७० लाख टनांसाठी सहा वर्षांची मुदत दिली, नवीन कचरा येणेही थांबले होते. तरी मुदत उलटली आणि वाढवून द्यावी लागली. मुलुंडला सहा वर्षांत ७० लाख टन झाले नाहीत, तर देवनारला तीन वर्षांत १८५ लाख टन कसे होतील? घाई झाली की दोनच गोष्टी होतात. एक तर चाळण्याचे काम वरवर होते, नाहीतर खालचा थर तसाच ठेवून वर मुरूम पसरतात. मुरमाखाली काय आहे हे इमारत उभी राहिल्यावर कुणालाही पाहता येत नाही.

आणि हा उपसलेला माल जाणार कुठे? जाळण्याजोगे प्लास्टिक-कपडे सिमेंटच्या भट्ट्यांना जातात, दगड-विटा भरावाला जातात, हे समजले. पण चाळणीखाली जी बारीक माती पडते तिचाच वाटा मोठा असतो, आणि धातूंचा अंशही तिच्यातच उतरतो. ती माती कुठल्या गावाच्या खाणीत, कुठल्या शेताच्या बांधाला टाकली जाणार? तिची तपासणी कोण करणार? घाटकोपर-मानखुर्द जोडरस्त्यावरून रोज शेकडो डंपर जातील. त्याच रस्त्याने आमची मुले शाळेत जातात. त्या डंपरांवर ताडपत्री असेल का, चाके धुण्याची सोय असेल का, वेळ काय असेल, एम पूर्व प्रभाग समितीत हे साधे प्रश्नसुद्धा अजून विचारले गेलेले नाहीत, कारण ती समितीच नव्हती.

आगीबद्दल मला जास्त लिहायचे आहे. जानेवारी २०१६ च्या शेवटी डम्पिंग पेटले तेव्हा तो धूर उपग्रहाच्या छायाचित्रातही दिसला होता. तुम्ही तो टीव्हीवर पाहिला असेल. आम्ही वर्गात पाहिला. खिडक्या बंद केल्या तरी फळ्यावरची अक्षरे मागच्या बाकावरून दिसत नव्हती. पोरे रुमाल ओले करून नाकाला लावून बसली होती. एक मुलगी धापा टाकू लागली, तिला मी कडेवर घेऊन रस्त्यापर्यंत पळाले, रिक्षावाल्याला पुढचे काही दिसत नव्हते. नंतर परिसरातल्या शाळा काही दिवस बंद ठेवल्या. मार्चमध्ये पुन्हा आग लागली. बंबांनी वरून पाणी मारले तरी आत धग राहते, कारण आग नुसती वरवर नसते. आत कुजताना तयार होणारा मिथेन खालीच पेटत असतो. असे पोटात विस्तव घेऊन असलेले डोंगर यंत्रांनी उकरले जाणार आहेत. उकरताना वायू मोकळा सुटतो. त्या काळात शेजारच्या रफीकनगर, शांतीनगर, बैंगनवाडीतल्या लोकांसाठी काय व्यवस्था आहे? हवेची मोजणी करणारी यंत्रे वस्तीच्या बाजूला किती बसवली? आकडा वाढला तर काम थांबवण्याचा अधिकार कुणाला? याचा एक कागदही आमच्यापर्यंत आलेला नाही. माहितीच्या अधिकारात मी एका कार्यालयाकडे हेच विचारले होते. "माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही" एवढेच उत्तर आले.

त्याच आगीनंतर, फेब्रुवारी २०१६ मध्ये, उच्च न्यायालयाने मुंबईत नव्या बांधकामांच्या परवानग्यांवर निर्बंध घातले होते, कारण पालिका कचऱ्याची नीट विल्हेवाट लावत नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने ते २०१८ मध्ये स्थगित केले. ज्या डम्पिंगमुळे सगळ्या शहराची बांधकामे अडली होती, आज त्याच डम्पिंगवर बांधकाम होणार आहे. मधल्या काळात काय बदलले ते सभागृहाने विचारायला हवे.

आजूबाजूची जमीनही पाहा. डम्पिंग तीनशे एकरांहून मोठे आहे, घरांना त्यातले १२४ एकर. शेजारी कचऱ्यापासून वीज करण्याचा प्रकल्प आहे. रुग्णालयांचा कचरा जाळणारी भट्टी आमच्याच भागात आहे, ती हलवायला उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दोन वर्षांची मुदत दिली होती. कत्तलखाना आहे. पलीकडे ठाणे खाडी, जिथले फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झाले आणि २०२२ मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेले. नवीन कचराभूमी करायची झाली तर ती वस्तीपासून २०० मीटर लांब असली पाहिजे, असे २०१६ चे नियम सांगत होते. उरलेल्या भागात कचऱ्याचे काम चालूच राहणार असेल तर नव्या घरांपासून ते किती मीटरवर असेल? नकाशा दाखवा. विकास आराखडा २०३४ मध्ये या जागेचा वापर काय आहे आणि तो बदलायला नगररचना कायद्याच्या कलम ३७ प्रमाणे सूचना-हरकती कधी मागवणार, तेही सांगा.

माहुलची गोष्ट तर याच विभागाच्या शेजारची आहे. तानसा जलवाहिनीलगतची घरे पाडून लोकांना तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या सावलीतल्या इमारतींत पाठवले. घरे पक्की होती, लिफ्ट होती, कागदावर सगळे ठीक होते. माणसे आजारी पडू लागली, मोर्चे निघाले, लोक महिनोन्महिने रस्त्यावर बसले. अखेर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाला सांगावे लागले की या लोकांना तिथे राहायला भाग पाडू नका, दुसरीकडे राहण्यासाठी महिना १५ हजार रुपये भाडे द्या. त्या बांधकामावरचा खर्च, नंतरचा भाड्याचा खर्च आणि आजारपणांचा खर्च कुणी एकत्र मांडला आहे का? तपासणी आधी केली असती तर यातले काहीच झाले नसते.

लल्लूभाई आणि नटवर पारेख कंपाउंडबद्दलही एक अहवाल आहे. 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने २०१८ मध्ये दाखवून दिले की जिथे इमारती अगदी खेटून उभ्या केल्या आणि खालच्या मजल्यांवर ऊन-वारा पोहोचत नाही, तिथे क्षयरोग जास्त आहे. तिथल्या घरांत दुपारी बारा वाजता दिवा लावावा लागतो, हे मी स्वतः पाहिले आहे. माझे कितीतरी विद्यार्थी डॉट्सच्या गोळ्या खात शिकले. आता त्याच विभागात, त्याहून वाईट हवेत, पुन्हा पुनर्वसनाची वसाहत येणार. तिचे आराखडे कसे आहेत, दोन इमारतींत अंतर किती, कुणाला ठाऊक आहे?

पैशांची हरकत थोडक्यात सांगते. २,३६८ कोटी हे मुंबईकरांच्या कराचे पैसे आहेत. जमीन साफ करायची पालिकेने आणि ती वापरणार प्रकल्प. याचा मोबदला पालिकेला काय, कधी, कोणत्या कराराने? करार असेल तर स्थायी समितीच्या पटलावर ठेवा.

आणखी एक गोष्ट, जी कुठल्याच प्रस्तावात सहसा नसते. या डोंगरावर कचरा वेचून पोट भरणारी माणसे आहेत, बायका जास्त. प्लास्टिक, काच, तांबे वेगळे करून भंगाराच्या काट्यावर घालायचे, त्यावर घर चालवायचे. डोंगर गेला पाहिजे असे त्याही म्हणतात, त्यांच्याच छातीत धूर भरला आहे. पण डोंगर गेल्यावर त्यांनी काय करायचे? चाळणी यंत्रांवर वर्गीकरणाला माणसे लागणारच आहेत. त्या जागा आधी यांना द्या, हातमोजे-बूट-पगार-विमा यांसह.

इथे एक गोष्ट स्वच्छ सांगते, कारण माझे म्हणणे मुद्दाम वाकडे केले जाईल. कचरा उपसू नका असे मी म्हणत नाही. हा डोंगर हटवा म्हणून आमच्या वस्तीने वर्षानुवर्षे निवेदने दिली आहेत. तो जमीन कुणाला द्यायची आहे म्हणून नाही, तर इथे लाखो माणसे राहतात म्हणून हटला पाहिजे. धारावीला चांगली घरे मिळू नयेत असेही मी म्हणत नाही. चांगली घरे मिळावीत, आणि ती जितकी धारावीत मिळतील तितकी धारावीत मिळावीत, असेच म्हणते. माझ्या दिराचे गिऱ्हाईक तिथे आहे, त्याच्या मुलीची शाळा तिथे आहे, सायन रुग्णालय चालत जाण्याच्या अंतरावर आहे. त्याला बाहेर काढायचेच असेल तर निदान जिथे श्वास घेता येईल अशा जागी पाठवा.

आता मागण्या.

देवनारच्या जागेवर घरे बांधण्याचा विषय सभागृहाच्या खास बैठकीत घ्या आणि त्यासंबंधीची सगळी कागदपत्रे त्याआधी पालिकेच्या संकेतस्थळावर मराठीत टाका. सरकारी आदेश, निविदा, करार, नकाशे, प्रत्येक अहवाल. कागद न वाचता बोलण्याची वेळ ना तुमच्यावर यावी, ना आमच्यावर.

माती, भूजल आणि वायूंची तपासणी स्वतंत्र संस्थेकडून करवून घ्या. कंत्राटदाराशी किंवा विकासकाशी तिचा संबंध नसावा. नमुने काढताना स्थानिक रहिवासी आणि एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे अध्यापक हजर असावेत. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, दोन्ही वेळा नमुने घ्यावेत.

ही तपासणी मानकांत बसेपर्यंत त्या जागेवर निवासी बांधकाम होऊ नये, असा ठराव सभागृहाने करून राज्य सरकारला पाठवावा. ठराव सरकारवर बंधनकारक असो वा नसो, निवडून आलेल्या सभागृहाचे मत लेखी नोंदले गेले पाहिजे. प्रत्येक पक्षाने या ठरावावर मतदान मागावे. कुणी कोणत्या बाजूला हात वर केला हे आम्हाला कळले पाहिजे.

कचरा उपसण्याच्या काळात वस्तीच्या बाजूला हवेची मोजणी चोवीस तास चालू ठेवा आणि आकडे शाळांबाहेर, दवाखान्यांबाहेर फलकावर दाखवा. मर्यादा ओलांडली की काम थांबलेच पाहिजे, ही अट कंत्राटात घाला. विभागातल्या दवाखान्यांत श्वसनविकार आणि क्षयरोग यांची नोंद वेगळी ठेवा, म्हणजे तीन वर्षांनी काय झाले हे सांगायला अंदाज करावा लागणार नाही.

धारावीतल्या ज्या कुटुंबांना देवनारला पाठवायचा विचार आहे त्यांची नावे आणि निकष जाहीर करा. त्यांच्या हातात तपासणी अहवाल द्या, आणि नकार देण्याचा हक्क लेखी द्या. अहवाल वाचून ज्याला यायचे असेल त्याने खुशाल यावे.

आणि हे सगळे ऐकण्यासाठी एम पूर्व प्रभाग समितीने शिवाजीनगरात, डम्पिंगच्या फाटकाजवळच्या एखाद्या शाळेत जनसुनावणी घ्यावी. फोर्टच्या सभागृहात रोजंदारीवरची माणसे येऊ शकत नाहीत. रविवारी घ्या, म्हणजे कचरा वेचणाऱ्या बायकाही येतील, धारावीतलेही येतील.

या पत्रातल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर मला लेखी हवे आहे, आणि ते सभागृहाच्या पटलावरही ठेवावे. सुनावणीची तारीख निदान पंधरा दिवस आधी कळवा. वस्तीत पत्रके वाटण्याचे आणि लोकांना आणण्याचे काम आम्ही करू.

आपली,
शिवाजीनगर, गोवंडी येथील एक रहिवासी
(निवृत्त पालिका शिक्षिका)